कच्चं पिकअप

निवृत्ती मिस्त्री गेले त्या दिवशी त्यांच्या बाकावर एक बेस गिटार पोट उघडं टाकून पडली होती. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं, माणसं जमली, बुद्धवंदना झाली, गोदावरीच्या आटत चाललेल्या पात्राकडेला सगळं उरकून लोक परतले. त्या धावपळीत कुणीतरी गिटारीवर जुनं धोतर टाकलं होतं. त्यांच्या मुलीनं, सिंधुनं, ते उचललं तेव्हा मार्च निम्मा सरला होता आणि धोतराची घडी धुळीनं वाळल्या भाकरीसारखी कडक झाली होती.

नांदेडात मिस्त्री म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दारं-खिडक्या येतात. निवृत्ती गजभारे हे मात्र गिटारांचे मिस्त्री. तरुणपणी रेल्वेच्या डब्यांची लाकूडकामं करायचे. एका गायनपार्टीतल्या पोराची हैदराबादहून आणलेली बेस गिटार एसटीच्या टपावरून पडली आणि मानेत मोडली, ती जोडायला म्हणून त्यांच्याकडे आली. त्यांनी जोडून दिली, पण जोडताना तिच्या पोटातलं सगळं नीट बघून ठेवलं. पुढल्या वर्षी किनवटकडच्या एका जुन्या सागवानी चौकटीतून स्वतःची एक केली. मग भीमगीतांच्या पार्ट्या, लग्नातले ऑर्केस्ट्रे, लातूर-उदगीरचे वाजवणारे, सगळे त्यांच्याकडे यायला लागले. एकीसारखी दुसरी त्यांनी कधी केली नाही. माणूस आला की आधी त्याला स्वयंपाकघरात न्यायचे आणि परातीतल्या मळलेल्या कणकेचा गोळा त्याच्या डाव्या हातात द्यायचे.

"दाब. बायकोचा हात धरल्यावानी नको, गिटार धरल्यावानी धर."

कणकेत उठलेल्या त्या मुठीवरून ते गिटारीची मान कोरत. त्यांची बायको सुमनबाई त्या कणकेच्या चपात्या लाटायला साफ नकार द्यायची. "कुनाकुनाचे हात खायचे आम्ही?" म्हणायची. मग तो गोळा वाळून तडकेपर्यंत खिडकीत राहायचा.

बाकावर पडलेली गिटार लातूरच्या रेवणप्पाची होती. रेवणप्पाच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट डाळ मिलच्या पट्ट्यात अर्ध्यातून गेलेलं. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा नव्या कलेक्टर कचेरीत तो कारकून म्हणून लागला, पण त्याचा जीव बेस वाजवण्यात. त्याच्या उरलेल्या हाताला बेतून मिस्त्रींनी एका अंगानं बारीक, दुसऱ्या अंगानं भरीव अशी मान केली होती. ती दुसऱ्या कुणी धरली तर धरणाऱ्याला आपलाच हात चुकल्यासारखा वाटायचा. हिवाळ्यात तिचा आवाज बसला. मिस्त्रींनी जुनं पिकअप काढून टाकलं, नवं गुंडाळलं, आणि ते बसवायच्या आधीच ते गेले.

सिंधु लातुरातच एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला होती. निरोप मिळाल्यावर ती लगेच निघाली, पण अहमदपूरच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. ती पोचली तेव्हा वडलांच्या, तिच्या नानांच्या, नाकात कापूस घातलेला होता. नाना शेवटी काही बोलले का, हे तिनं आईला विचारलं नाही आणि आईनं सांगितलं नाही.

मार्चात रेवणप्पा नांदेडला आला. मिस्त्रींच्या फोटोपुढे हात जोडून उभा राहिला.

"सिंधुताई, माझं चुकलं असंल तर माफ करा," मग तो म्हणाला. "पन मला दुसरी गिटार चालत न्हाई. दुकानातली धरली की हात मधेच संपतो."

"कधी पाहिजे?"

"भीमजयंतीला. यंदा आमचं मैदान नवं हाय. जिल्हा झालो ना आता, नांदेडवाल्यांच्या वर आवाज गेला पाहिजे म्हनतात पोरं." तो हसला आणि लगेच फोटोकडे बघून त्यानं हसू आवरलं. "आख्ख्या पार्टीत बेस मी एकटाच. दुसरा कुनी न्हाई."

सिंधुनं लहानपणापासून वडलांच्या शेजारी बसून वेढे घातले होते. तिनं रजा वाढवून घेतली आणि त्याला शब्द दिला.

पिकअप म्हणजे गिटारीच्या तारांखाली बसणारी चपटी डबी. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे वेढ्यांवर वेढे. वरची तार थरथरली की डबीला कळतं आणि ती अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, कळवते. पण वेढ्यांच्या मधे हवा राहिली असेल तर तिला नको ते ऐकू यायला लागतं: बाकावर ठेवलेला पाना, खोकला, माणसाचं बोलणं. म्हणून शेवटी ती गरम मेणात बुडवायची. मेण आत शिरतं, हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, थंड झालं की आतलं सगळं गच्च. मग ती तारेचं तेवढं ऐकते. मिस्त्री याला पक्कं करणं म्हणत. तोवर ते कच्चं.

आणि कच्च्यावर मिस्त्रींची एक गंमत चालायची. अँप त्यांनी दुकानाच्या आतल्या दाराशी, तोंड घराकडे करून ठेवला होता. कच्चं पिकअप जोडलं की त्याच्याजवळ तोंड नेऊन ते फर्मावायचे, "सुमन, चहा." आणि स्वयंपाकघरात भिंतीतून आल्यासारखा तो आवाज घुमायचा. "सिंधु, पुस्तक ठेव अन् कानस आन." पाहुणे दचकायचे. सुमनबाई आतून ओरडायची, "बुडवा एकदाचं त्या मेल्याला मेनात!" पिकअप पक्कं झालं की घर पुन्हा शांत.

दुपारची वेळ होती. वीज सकाळी जायची ती दुपारी यायची. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. सिंधुनं नवं पिकअप दोन तारांनी अँपला जोडलं, बटण दाबलं, आणि वेढे कुठं तुटलेत का बघायला स्क्रूड्रायव्हरनं त्यावर हलकं टिचकावलं. अँपमधून टक् आलं. म्हणजे तार अखंड होती. ती बटण बंद करणार तेवढ्यात अँपमधून कुणीतरी घसा खाकरला.

तिनं तार उपटली.

लहानपणी एकदा कच्च्या वेढ्यांत परभणी आकाशवाणीच्या बातम्या उतरल्या होत्या, ते तिला आठवलं. नाना खूश झाले होते, फुकटचा रेडिओ म्हणाले होते. तसंच असणार. तिनं पदरानं हात पुसला आणि तार पुन्हा जोडली.

गुणगुण. मग, अगदी जवळून, "कोन हाय का?"

आवाज नानांचा होता. म्हातारपणी दात पडल्यावर 'हाय'मधली हवा जशी निसटायची तशी निसटत होती.

सिंधु उठून दारात जाऊन उभी राहिली. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. निवृत्ती गजभारेंनी जन्मभर भुताखेतांची खिल्ली उडवली होती. गल्लीच्या तोंडाशी लिंबावर काहीतरी आहे असं शेजारच्या केवळाबाई म्हणायच्या, तर अमावस्येला हे खाट घेऊन लिंबाखाली झोपले आणि सकाळी येऊन म्हणाले, "हाय की! मुंगळे हायत." बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचं पोर. मेल्यावर माणसाचं काही मागे राहत नाही, हे तिला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं. नाना असे अँपमधून बोलायला लागले असते, तर सगळ्यांत आधी चिडले असते ते नानाच.

तिनं स्वतःला समजावलं. कधीतरी ते याच पिकअपमध्ये बोलले असतील, तेच कसंतरी अडकून राहिलं असेल. तार काही टेप नव्हे, त्यात आवाज साठत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ते बरं वाटलं, कारण साठलेलं तेच ते पुन्हा वाजतं, त्याला आपण दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी आवाजानं विचारलं, "टँकर आला का?"

सिंधुच्या हातातला चिमटा तसाच राहिला. टँकर सुरू झाले होते होळीनंतर. नाना गेले तेव्हा गल्लीतल्या आडाला पाणी होतं.

तिनं वाकून पिकअपजवळ तोंड नेलं. "नाही आला अजून," ती म्हणाली.

अँपनं तिचे शब्द तिच्याच तोंडावर परत फेकले. मग थोडा वेळ नुसती गुणगुण. मग, "बरं."

त्यानंतर तिनं काम थांबवलं. वरवर बघणाऱ्याला ती कामातच दिसायची. मानेवरच्या पितळी पट्ट्या घासून झाल्या, पोटाला नवं पॉलिश झालं, खुंट्यांना तेल झालं. मेणाच्या डब्याला तिनं हात लावला नाही. रोज वीज आली की ती दुकानाचं पुढचं दार ओढून घ्यायची आणि तारा जोडून बसायची.

फार काही बोलणं व्हायचं नाही. नाना विचारायचे, "सुमन जेवली का?" ती सांगायची, जेवली. ते विचारायचे, "पाना कुठं ठिवला?" ती सांगायची, खिळ्याला आहे. तिनं विचारलेलं मात्र त्यांना कळायचंच असं नाही. "नाना, तुम्ही कुठं आहात?" असं तिनं एकदा धीर करून विचारलं, त्यावर बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "आं?"

तिला तेवढंही पुरत होतं. दवाखान्यात न मिळालेलं आता तुकड्यातुकड्यांनी मिळतंय, असं तिला वाटत होतं. आणि मनातून माहीत होतं की मेण लावलं की हे संपलं. रेवणप्पाचं पोस्टकार्ड आलं, दुसरं आलं. तिनं दोन्हींना उत्तर लिहिलं, पॉलिश वाळतंय.

एके दुपारी नाना म्हणाले, "लाईट गेली का?"

"नाही नाना. आहे लाईट. लाईट आहे म्हणून तर..."

"दिवा लावा की कुनीतरी."

त्या दिवसापासून त्यांनी पान्याचं विचारलं नाही, टँकरचं विचारलं नाही. फक्त दोनच गोष्टी. कोन हाय का. दिवा लावा. ती उत्तर देत राहायची, अँपच्या जाळीला तोंड लावून, पिकअपवर ओठ टेकवून, आणि तिकडे ते ऐकू जायचं नाही. पुन्हा तेच, दर वेळी थोडं घाईनं. अंधाऱ्या जिन्यात हात पुढे करून चालणारा माणूस बोलतो तसं.

आतल्या दाराशी सुमनबाई उभी असलेली तिला एकदम दिसली. हातात सूप होतं.

"माय, तू कधीची..."

"पहिल्या दिवसापासून. भिंतीपल्याड मीच असते ना." सुमनबाईनं सूप खाली ठेवलं नाही. "मला वाटलं तुला बरं वाटून राहिलं, तर असू द्यावं."

"तू बोल ना त्यांच्याशी. तुझं ऐकतील."

"न्हाई." सुमनबाईनं अँपकडे बघायचंही टाळलं. "चाळीस वर्सं संसार केला. या मानसानं मला कंदी दिवा लाव म्हनलं न्हाई. अंधारात चाचपून खिळा ठोकायचा. हे त्यांचंच भ्यालेलं कायतरी हाय, अन् ते भ्यालेलं मला बघायचं न्हाई."

आणि ती निघून गेली. सुपातले दाणे आत पाखडल्याचा आवाज यायला लागला.

जयंती तोंडावर आल्यावर सिंधुनं जे केलं ते तिच्या बापाच्या दुकानात कधी घडलं नव्हतं. तिनं कच्चं पिकअप तसंच गिटारीत बसवलं, वरून झाकण लावलं, तारा चढवल्या, आणि गिटार गोधडीत गुंडाळून लातूरची एसटी धरली. मनात हिशेब असा की रेवणप्पाला गिटार मिळेल, नाना तिच्यात राहतील, आणि आपण लातुरातच असतो. कधीतरी जाऊन भेटता येईल. माणूस सासरी दिलेल्या पोरीला भेटतो तसं.

पार्टीची तालीम एका समाजमंदिरात होती. भर दुपार, सगळ्या खिडक्या उघड्या, फरशीवर उन्हाचे चौकोन पडलेले. ढोलकीवाला टेकून विडी ओढत होता, गाणाऱ्या बाई पाण्याच्या तांब्यावर उपरणं टाकून बसल्या होत्या. रेवणप्पानं गोधडी सोडली, मान हातात घेतली आणि त्याचा चेहरा निवला.

"वा. हात घरी आला."

त्यानं पिन घातली. अँप त्यांचा मोठा होता, माणसाच्या छातीएवढा.

"कोन हाय का?" अँप म्हणाला.

ढोलकीवाल्यानं मागं वळून बघितलं. "कोन बे मस्करी करून राहिलं? माइक बंद करा."

"माइक लावलाच न्हाई अजून," गाणाऱ्या बाई म्हणाल्या.

रेवणप्पानं मात्र माइककडे बघितलं नाही. त्यानं गिटारीकडे बघितलं, मग सिंधुकडे. तिनं मान खाली घातली. त्याला तेवढं पुरे झालं. त्यानं गिटार हळूच उचलून तोंडाजवळ नेली, लहान मूल उचलतात तशी.

"मिस्त्री, मी. रेवणप्पा."

मग आवाज आला, ओळख पटल्यासारखा, थोडा जुन्या तोऱ्यात, "हात बघू."

रेवणप्पानं आपला डावा पंजा गिटारीपुढे धरला. अर्धी बोटं उन्हात लाल दिसत होती.

"हात बघू."

"हा बघा, मिस्त्री. हितंच हाय."

"दिसंना. दिवा लावा की कुनीतरी. दिवा लावा."

गाणाऱ्या बाई उठून बाहेर गेल्या. सिंधु पुढे झाली, "पिन काढा," म्हणाली, पण ढोलकीवाला घाबरून अँप बंद करायला धावला आणि घाईत त्यानं बटण उलटं फिरवलं. कच्चं पिकअप मोठ्या आवाजापुढे शीळ घालतं, हे या धंद्यातल्या कुणालाही माहीत आहे. आपलाच आवाज पुन्हा ऐकतं, पुन्हा ओरडतं, असं वाढत जातं. इथं शीळ आली नाही. नानांची हाक आली, ती स्वतःलाच ऐकून मोठी झाली, तिच्यावर आणखी मोठी, शब्द फाटून गेले आणि नुसती किंकाळी उरली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. रस्त्यावरची सायकल थांबली. सिंधुनं वायरच ओढून काढली.

ढोलकीवाला कपाळावरचा घाम पुसत बाहेर गेला. रेवणप्पा खाली बसला होता, गिटार मांडीवर.

"ताई," तो म्हणाला, "मी बारीक आवाजात वाजवतो. कुनाला ऐकू न्हाई गेलं तरी चालंल. असू द्या त्यांना."

हेच ऐकायला ती लातूरला आली होती. आता ऐकल्यावर तिला ते नको झालं.

"त्यांनी कच्चं काम कधी दाराबाहेर जाऊ दिलं नाही," ती म्हणाली. "मी आणलं. तुमच्या घरी चूल आहे ना?"

रेवणप्पाचं घर जवळच होतं. त्याची आई गुरम्मा, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, दारातच धान्य निवडत बसली होती. घरात ही माणसं कानडी बोलत, पाहुण्याशी मराठी. रेवणप्पानं तिला कानडीत दोन वाक्यं सांगितली. काय सांगितलं ते सिंधुला कळलं नाही, पण गुरम्मानं तिच्याकडे बघितलं आणि उठून चूल पेटवली.

मेण उघड्या जाळावर ठेवत नाहीत, पेटतं. पाण्याच्या पातेल्यात मेणाचं पातेलं ठेवायचं. सिंधु पाण्यासाठी घागरीशी अडखळली. ती निम्म्याच्या खाली होती आणि घरात दुसरी दिसत नव्हती.

"घे," गुरम्मा म्हणाली. "प्यायला मी शेजारून आनते. सांडू नको म्हंजे झालं."

लाईट गेल्यावर लावायच्या मेणबत्त्या आणि रेवणप्पाच्या हार्मोनियमवाल्या मित्राकडून आलेला मधाच्या पोळ्याच्या मेणाचा गोळा वितळायला लागला. घरभर मधाचा, जंगलाचा वास पसरला. सिंधुनं तारा सैल केल्या, झाकण काढलं, पिकअप बाहेर घेतलं. अंगठ्याएवढं जाड, हलकं. रेवणप्पानं सरावाचा छोटा अँप आणून ठेवला होता, पण जोडला नव्हता. तो वाट बघत होता.

"जोडा," ती म्हणाली.

गुणगुण आली.

"कोन हाय का?"

"मी आहे, नाना. सिंधु." तिनं आवाज चढवला नाही. बाकावर शेजारी बसून सांगायची तसं सांगितलं. "पिकअप पक्कं करते आता. मेण ठेवलंय."

दिव्याचं सुरू झाल्यापासून तिचं काहीच तिकडे पोचत नव्हतं. आताही पोचलं नसेल, असं धरून ती तार काढायला वाकली. तेवढ्यात नाना बोलले. त्या आवाजात चाचपडणं नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून, दुसऱ्याच्या कामाकडे तिरपं बघत ते बोलायचे तसे बोलले.

"धूर निघू देऊ नको."

"नाही निघू देत."

"मग घाल."

सिंधुनं तार काढली. रेवणप्पानं तोंड भिंतीकडे केलं होतं. गुरम्मानं चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पिकअप दोऱ्यानं बांधून तिनं मेणात सोडलं. आधी काहीच नाही. मग एका कोपऱ्यातून बारीक बुडबुडा आला, मागून दुसरा, मग त्यांची माळच लागली. मोहरीएवढे, खसखशीएवढे, एकामागून एक वर येत होते आणि फुटताना आवाज करत नव्हते. एवढ्याशा डबीत एवढी हवा असते याचं सिंधुला लहानपणीही नवल वाटायचं. ही हवा मात्र संपेना. चुलीतलं लाकूड जळून बसलं, गुरम्मानं दुसरं सारलं. पाणी कमी झालं तेव्हा तिनंच वाटीनं भर घातली. बुडबुडे येत राहिले. दर वेळी वाटायचं की थांबले, आणि थोड्या अवकाशानं आणखी एक यायचा. झोपलेल्या माणसाच्या छातीकडे बघत बसावं तसे तिघंही त्या पातेल्याकडे बघत बसले होते.

एक बुडबुडा आला. त्याच्यानंतर त्यांनी वाट बघितली. आला नाही.

"झालं?" रेवणप्पानं विचारलं.

"झालं."

तिनं दोऱ्याला धरून पिकअप वर काढलं आणि निथळू दिलं. रेवणप्पानं अँपकडे हात नेला. "जोडून बघायचं का?"

"आज नको. मैदानावर वाजवाल तेव्हा कळेल."

त्यानं हात मागं घेतला. गुरम्मानं खिडकीच्या कट्ट्यावर पत्रावळीचं पान ठेवलं आणि सिंधुनं पिकअप त्यावर ठेवलं. मेण अजून पाण्यासारखं स्वच्छ होतं, आतले तांब्याचे वेढे उन्हात लालसर चमकत होते, अगदी एकेक मोजता यावेत असे. मग कडेकडेनं मेण दुधाळ व्हायला लागलं. सिंधु बघत राहिली. वेढे पुसट झाले, मधोमध थोडी लाली उरली, तीही झाकली गेली. तिनं बोटानं हलकं दाबून बघितलं. घट्ट झालं होतं, आणि अजून कोमट होतं.